पलावानची भूमिगत नदी: होडीतून गुहा बघायला जायचं तर

फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर डोंगराच्या पोटातून एक नदी वाहते आणि थेट समुद्रात उतरते. वल्ह्याच्या होडीत बसून त्या डोंगरात शिरता येतं. गुहेतली फेरी साधारण पाऊण तासाची असते. त्यासाठी विमान, व्हॅन, दोन-तीन खिडक्यांवरच्या रांगा आणि समुद्रातली एक होडी एवढं सगळं आधी पार करावं लागतं. बहुतेक जण तयारी करतात ती गुहेची: टॉर्च, बूट, कॅमेऱ्याच्या लेन्सा. गुहेला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. सहल फसते ती बाहेर, गुहेपर्यंत नेणाऱ्या समुद्राच्या तुकड्यावर. म्हणून या लेखात हवामान, तारखा आणि क्रम यांना जास्त जागा दिली आहे. ते जमलं की गुहेत फक्त बसायचं असतं.

ठिकाण नेमकं काय आहे

अधिकृत नाव आहे पुएर्तो प्रिन्सेसा भूमिगत नदी राष्ट्रीय उद्यान. उद्यान १९७१ साली जाहीर झालं, १९९२ पासून त्याची व्यवस्था पुएर्तो प्रिन्सेसा शहराच्या प्रशासनाकडे आली, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यानंतर २०१२ साली ते निसर्गाच्या ‘नव्या सात आश्चर्यां’च्या यादीत आलं आणि गर्दी एकदम वाढली. आज दिसणारे परवानगीचे कडक नियम समजून घ्यायचे तर हे वाढलेलं आकर्षण लक्षात ठेवावं.

सेंट पॉल हा हजार मीटरच्या वर उंचीचा चुनखडकाचा डोंगर. त्याच्या नैऋत्येला सुमारे दोन किलोमीटरवर काबायुगान नदी जमिनीखाली शिरते. ८.२ किलोमीटर आतून वाहून ती सेंट पॉलच्या उपसागरात बाहेर पडते. भूमिगत नद्या जगात बऱ्याच आहेत. इथलं वेगळेपण असं की नदी सरळ समुद्रालाच मिळते, त्यामुळे भरती-ओहोटी गुहेच्या आत खेळते. नदीचा खालचा निम्मा भाग मचूळ पाण्याचा आहे. तुम्ही होडीतून फिरता तो हाच भाग. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावण्याचा मोह होईल. वर हजारो वटवाघळं राहतात हे आठवून तो आवरावा.

होडीला जाता येईल असा पट्टा चार किलोमीटरहून थोडा जास्त आहे. नेहमीच्या फेरीत साधारण दीड किलोमीटर आत नेतात आणि त्याच वाटेने परत आणतात. त्यापुढे जायला वेगळी परवानगी लागते आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला दीड किलोमीटर पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी जायचं

पलावानच्या या किनाऱ्यावर कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. जून ते ऑक्टोबर नैऋत्येचे वारे वाहतात, त्यांना तिथे हाबागात म्हणतात. पाऊस तेव्हाच पडतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचे वारे, म्हणजे आमिहान. पर्यटनाच्या जाहिरातींत ‘कोरडा हंगाम’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत गेलेला माणूस निळ्या आकाशाखाली उसळता समुद्र बघून चक्रावतो. पाऊस नसला तरी आमिहानचा वारा लाटा उठवू शकतो. गुहेसाठी सगळ्यात भरवशाचे महिने मार्च, एप्रिल आणि मे. यातला ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा मात्र टाळावा. फिलिपिन्समध्ये तेव्हा देशभर सुट्टी असते, तिकिटं महागतात आणि गुहेची परवानगी आधीच संपून जाते.

पावसाळ्यात जाऊच नये असं नाही. सलग चार-पाच उघडे दिवसही मिळतात, गर्दी कमी असते, जंगल हिरवंगार असतं. पण तेव्हा जाणाऱ्याने ‘जमलं तर गुहा’ अशा मनाने जावं. समुद्र खवळला की तटरक्षक दल होड्या थांबवतं, आणि जोराचा पाऊस होऊन नदीचं पाणी चढलं तर गुहाही बंद ठेवतात. यात घासाघीस चालत नाही. चालू नयेच. टायफूनचा मुख्य मार्ग पलावानच्या उत्तरेकडून जातो असं सांगून लोक निर्धास्त होतात, पण डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट नावाच्या टायफूनने या भागाला चांगलाच तडाखा दिला होता.

प्रवासाचा क्रम

भारतीय पासपोर्टधारकांना ८ जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा हातात असेल तर ३० दिवस. पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण दाखवायची तयारी ठेवावी. ई-ट्रॅव्हल हा ऑनलाइन अर्ज पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा, तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करावं. असे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी फिलिपिन्सच्या दूतावासाची माहिती एकदा तपासून घ्या.

मनिलाहून पुएर्तो प्रिन्सेसाला विमानाने दीड तासाच्या आत पोचता येतं. तिथून गुहेचं गाव साबांग सुमारे ८० किलोमीटर. बहुतेक लोक पलावानला एल निडोसाठी, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यांच्या गावासाठी, येतात आणि गुहा मध्ये कुठेतरी बसवतात. तो क्रम कसा लावायचा यावर बरंच अवलंबून आहे.

माझा सल्ला: गुहा सुरुवातीला ठेवा. पुएर्तो प्रिन्सेसाला उतरा, दुसऱ्या दिवशी साबांग, मग एल निडो, आणि परतीचं विमान पुन्हा पुएर्तो प्रिन्सेसाहूनच. पहिल्या वेळी समुद्राने अडवलं तर परतताना दुसरी संधी मिळते. याच्या उलट, शेवटच्या दिवशी गुहा आणि त्याच संध्याकाळी विमान, अशी जोडी कागदावर छान दिसते आणि प्रत्यक्षात दोन्हीकडून जीव टांगणीला लावते. साबांगचा दिवस आणि विमान यांच्यात किमान एक मोकळा दिवस हवा.

परवानगी: टूरवाल्याकडून की स्वतः

परवानगीशिवाय प्रवेश नाही. रोज किती माणसं आत सोडायची हे ठरलेलं असतं, आणि परवाना ठरावीक तारखेचा व तुमच्या नावाचा असतो. तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, पुएर्तो प्रिन्सेसातल्या एखाद्या मान्यताप्राप्त टूरवाल्याकडे दिवसाची सहल घेणं. त्यात हॉटेलवरून ने-आण, परवाना, दोन्ही होड्या, गाईड आणि जेवण येतं. एकेकट्याने किंवा दोघांनी जाणाऱ्यांना इतर प्रवाशांबरोबर एकाच व्हॅनमध्ये बसवतात. पासपोर्टवरचं नाव, वय आणि राष्ट्रीयत्व आधी कळवावं लागतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या. वडिलांचं नाव मध्ये लिहायची आपली सवय असते. खिडकीवरच्या यादीशी ते जुळलं नाही की विनाकारण खोळंबा होतो. आरक्षण करतानाच तीन गोष्टी विचारून उत्तर लेखी घ्या: होड्या बंद झाल्या तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, पर्यावरण शुल्क किमतीत धरलं आहे की वेगळं, आणि झिपलाइनसारखं काही माथी मारलेलं तर नाही ना.

दुसरा मार्ग स्वतः सगळं करण्याचा. उद्यानाच्या शहरातल्या कार्यालयातून परवाना घ्यायचा, सार्वजनिक व्हॅनने साबांगला जायचं, धक्क्यावर होडीचे पैसे भरायचे. पैशांची फार बचत होते असं नाही, कारण समुद्रातल्या होडीचं भाडं अख्ख्या होडीचं असतं आणि ते वाटून घ्यायला सोबती शोधावे लागतात. पण या मार्गाने साबांगला आदल्या रात्री मुक्काम करता येतो, आणि हा फायदा मोठा आहे. शहरातून निघणाऱ्या व्हॅन साधारण एकाच वेळी पोचतात. मग धक्क्यावर झुंबड उडते. गावात राहिलेला माणूस त्याआधी रांगेत उभा असतो. सकाळचा समुद्रही बहुधा दुपारपेक्षा शांत असतो. वेळ हाताशी असेल तर मी मुक्कामाचाच पर्याय सुचवेन. घाई असेल तर सरळ टूर घ्या.

पिशवीत काय हवं

थोडकंच. पाण्यात भिजली तरी चालतील अशी, टाचेला पट्टा असलेली सँडल. गुडघ्याच्या वर येणारी किंवा दुमडता येणारी, पटकन वाळणारी पँट. होडीत चढता-उतरताना पोटऱ्यांपर्यंत पाणी येतं. जीन्स नको. फोन आणि पासपोर्टसाठी पाणी न शिरणारी छोटी पिशवी. फोनला गळ्यात अडकवायची दोरी. कपड्यांचा एक कोरडा जोड व्हॅनमध्ये. हेल्मेट डोक्यावर चढवायचं असल्याने मोठी हॅट गुहेत अडचण करते. गुहेची टॉर्च आणायची गरज नाही, तिथे दिवा देतात.

डासांचं मलम विसरू नका. फिलिपिन्सचा बराचसा भाग मलेरियामुक्त झाला असला तरी पलावानमध्ये धोका शिल्लक आहे, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. साबांगच्या किनाऱ्यावर निक-निक नावाच्या बारीक वाळूमाश्या असतात. चावताना कळत नाही, रात्री खाज सुटते आणि आठवडाभर टिकते. ओल्या वाळूवर पसरून झोपणाऱ्यांना त्या विशेष भेटतात.

रोख पेसो शहरातच काढून घ्या. साबांगला एटीएमच्या भरवशावर जाऊ नये. पर्यावरण शुल्क, चहापाणी, नावाड्याला बक्षिसी यासाठी सुट्ट्या नोटा लागतात.

साबांगपर्यंतचा रस्ता आणि धक्का

शहर सोडल्यावर रस्ता आधी सरळ आणि मग डोंगरात वळणं घेत जातो. दोन तास धरा. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी शहरातच घ्यावी. पुढे समुद्रही आहे. वाटेत चुनखडकाचे सुळके दिसू लागतात, झाडांनी माखलेले, उभ्या कड्यांचे. ते दिसले की पोचायला फार वेळ उरलेला नाही.

साबांगचा धक्का सकाळी नऊनंतर गजबजतो. तिथे क्रम असा: पर्यावरण शुल्क, परवान्याची तपासणी, ओळखपत्र, मग होडीचा क्रमांक. टूरमध्ये असाल तर हे सगळं गाईड करतो, तुम्ही फक्त हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं. थांबणं अर्ध्या तासाचंही असू शकतं, दोन तासांचंही. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या.

पुढची होडी म्हणजे बांगका. अरुंद लाकडी होडी, दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या, मागे मोटार. होडीच्या आकाराप्रमाणे सहा-आठ माणसं बसतात. लाइफ जॅकेट धक्क्यावरच चढवा आणि सगळे पट्टे नीट आवळा. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर गळ्यापर्यंत वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. उलांडीवर पाय देऊन चढू नका, ती पायरी नव्हे. नावाडी सांगेल तिथे बसा. तो वजन बघून बसवत असतो. त्याला कुया म्हणून हाक मारली की आवडतं. मोठ्या भावाला म्हणतात तसं.

पंधरा-वीस मिनिटांत होडी उद्यानाच्या किनाऱ्याला लागते. डाव्या-उजव्या हाताला बसण्याचा फारसा फरक पडत नाही, पण पुढे बसणारा जास्त भिजतो. लाटा असतील तर उतरताना घाई नको. लाट येऊन गेली की पाय टाका, हात मोकळे ठेवा, बॅग आधी दुसऱ्याकडे द्या. गुहा बघायला आलेल्यांपैकी ज्यांना काही इजा होते, त्यांची ती बहुतेक इथेच, वाळूत उतरताना होते.

किनारा ते गुहेचं तोंड

वाळूवरून पुढे जंगलातली छोटी वाट आहे. सगळे गुहेच्या ओढीने ही वाट धावत संपवतात. इथे जरा रेंगाळा. युनेस्कोच्या नोंदीत या उद्यानाचं महत्त्व जितकं गुहेचं आहे तितकंच डोंगरापासून समुद्रापर्यंत अखंड टिकलेल्या जंगलाचं आहे. लांब शेपटीची माकडं आणि घोरपडी अगदी वाटेवर दिसतात. पलावानचा धनेश नशिबात असेल तर वर आवाज करून जातो. माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे खाणं हे पक्कं ठाऊक आहे. हातातली पिशवी ते सरळ ओढून नेतात. खाणं बॅगेच्या तळाशी ठेवा, आणि माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवून हसू नका. दात दाखवणं त्यांच्याकडे भांडणाची खूण असते.

तोंडाशी हेल्मेट मिळतं आणि ध्वनिफितीचं यंत्र कानाला लावायला देतात. पूर्वी नावाडीच बोलत बोलत नेत असत आणि त्यांचे विनोद प्रसिद्ध होते. गर्दी वाढल्यावर सगळ्या होड्यांमधला कलकलाट गुहेत घुमायला लागला, तेव्हा यंत्रं आली. गुहेच्या दृष्टीने ते बरं झालं. यंत्र मिळाल्याबरोबर आवाज येतो का ते तपासा. आत गेल्यावर बदलून मिळत नाही. आणि एक कान मोकळा ठेवा. का, ते पुढे येईलच.

आत

गुहेतल्या होड्यांना मोटार नसते. एक नावाडी, हातात वल्हं, पुढे दोन-दोनच्या रांगेत माणसं. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हाती दिवा येतो अशी पद्धत बऱ्याच होड्यांत असते. ही जागा मिळाली तर ती मानाची नव्हे, कामाची आहे हे लक्षात घ्या. तुम्ही दिवा जिथे माराल तेच अख्ख्या होडीला दिसणार. नावाडी सांगेल त्या भिंतीवर प्रकाश टाका आणि तो तिथे चार-पाच सेकंद धरून ठेवा. डोळ्यांना आकार ओळखायला तेवढा वेळ लागतो. सतत इकडेतिकडे फिरवलेला दिवा कुणालाच काही दाखवत नाही. समोरून होडी आली की दिवा वर छताकडे करायचा, लोकांच्या तोंडावर नाही. फोटोची हौस असणाऱ्याने ही जागा घेऊ नये.

तोंडापाशी पाणी हिरवंनिळं आणि उजेडाचं असतं. पहिलं वळण घेतल्यावर दिवस मागे पडतो. या पहिल्या पाच मिनिटांत फोनचा पडदा उजळू नका. डोळे अंधाराला सरावले की छताचा अंदाज येतो, आणि मग कळतं की ज्याला आपण काळं दगडी छत समजत होतो त्यातला बराचसा भाग हलतो आहे. ती वटवाघळं.

वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा, ही सूचना प्रत्येक नावाडी देतो आणि प्रत्येक जण हसतो. ती थट्टा नाही. छतातून दोन प्रकारचे थेंब पडतात. एक पाण्याचा, आणि दुसरा कशाचा ते सांगायला नको. अमोनियाचा उग्र वास त्याचाच. दहा मिनिटांत नाकाला त्याची सवय होते.

आता तो मोकळा कान. गुहेत टिकटिक असा बारीक कोरडा आवाज सतत येत असतो. तो वटवाघळांचा वाटतो, पण त्यांचा दिशा शोधण्याचा आवाज माणसाच्या कानाच्या टप्प्याबाहेर असतो. टिकटिक करतात त्या पाकोळ्या. या छोट्या पाकोळ्या वटवाघळांप्रमाणेच प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात, फक्त त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. दिवसा पाकोळ्या बाहेर किडे टिपतात आणि वटवाघळं झोपतात, संध्याकाळी उलट. त्यांची विष्ठा हे आतल्या किड्यांचं, खेकड्यांचं, कोळ्यांचं अन्न. ऊन न पोचणाऱ्या जागी सगळी जीवसाखळी या पक्ष्यांनी आणि प्राण्यांनी बाहेरून आणलेल्या अन्नावर उभी आहे. म्हणूनच आरडाओरडा आणि फ्लॅश नको. झोपलेलं वटवाघूळ उगाच उडालं तर त्याची ताकद खर्च होते, आणि शेकडो होड्या रोज गेल्या की हा खर्च मोठा होतो.

भिंतींवरच्या आकारांना नावं आहेत: येशूचं कुटुंब, मेणबत्ती, डायनासोर, मका, भोपळा, मशरूम. ध्वनिफीत ती भराभर सांगत जाते. मला या खेळाचा लवकर कंटाळा येतो. आकारात भोपळा शोधण्यापेक्षा तो बनला कसा ते बघणं जास्त मजेचं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडकाच्या भेगांतून उतरताना चुना विरघळवतं, आणि गुहेच्या छताशी पोचल्यावर तो वायू सोडून देताना चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवतं. छतातून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, थेंब पडतो तिथून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी. जिथे टोक ओलं चमकतं तिथे वाढ अजून चालू आहे. जिथे स्तंभ मळकट, कोरडा आहे तिथे पाण्याने वाट बदलली. दिव्याच्या उजेडात हा फरक ओळखता येतो. एकदा लक्षात आला की पाऊण तास कमी पडतो.

हात लावू नका. बोटांचं तेल लागलं की तिथे चुना नीट धरत नाही आणि डाग कायमचा राहतो. फिलिपिन्समध्ये २००१ पासून गुहा संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. गुहेतलं काही तोडणं, उचलणं यासाठी तुरुंगवास आणि लाखांतला दंड होऊ शकतो. खाली पडलेला खडाही खिशात टाकायचा नाही.

मग ‘कॅथेड्रल’ नावाचं दालन येतं. युनेस्कोच्या वर्णनात या गुहेतल्या काही दालनांची रुंदी १२० मीटर आणि उंची ६० मीटरपर्यंत सांगितली आहे. आकडा वाचून काही उमगत नाही. होडीतला दिवा वर मारला आणि प्रकाशाचं वर्तुळ पसरून फिकट झालं की अंदाज येतो. इथे नावाड्याला ‘कुया, दिवा थोडा वेळ बंद कराल?’ असं विचारून बघायला हरकत नाही. मागे होडी नसेल तर काही जण करतात. पूर्ण काळोखात पाण्याचे थेंब कुठे कुठे पडताहेत हे ऐकून दालनाचा आकार कळतो.

यापुढे लांब सरळ बोगदा आहे, आणि थोड्या अंतरावर होडी वळते. आतल्या भिंतीत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रगायीचा जीवाश्म सापडला आहे. आज डोंगराच्या पोटात असलेला हा दगड एके काळी समुद्रतळावर साठत होता, त्याचा तो पुरावा. परतीच्या वाटेवर तेच आकार उलट्या बाजूने वेगळे दिसतात, म्हणून यंत्र बोलायचं थांबलं तरी बघणं थांबवू नका.

फोटोबद्दल

चांगला फोटो बाहेर पडताना मिळतो. काळोखातून तोंडाकडे येताना चौकटीत पुढच्या होडीची काळी आकृती आणि मागे हिरवं पाणी येतं. तेव्हा फोन तयार ठेवा आणि उजेडाच्या भागावर बोट टेकवून प्रकाश कमी करा. आतले फोटो बहुतेक हलतात, कारण होडीही हलते आणि दिवाही. रात्रीच्या फोटोची सोय फोनमध्ये असली तरी ती स्थिर हाताला असते, हलत्या होडीला नाही. त्यापेक्षा दिवा एका ठिकाणी थांबला असताना छोटा व्हिडिओ घ्या. सेल्फी काठी होडीबाहेर काढू नका.

कोणाला जमेल

पोहता येणं गरजेचं नाही. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांपैकी अनेकांना ही गुहा सोसते, कारण ती प्रशस्त आहे. त्रास होतो तो काळोखाचा. तसं असेल तर मधल्या बाकावर ओळखीच्या माणसाशेजारी बसा. गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना अडचण येते ती होड्यांत चढण्या-उतरण्याची: जाता-येता समुद्रातली होडी आणि गुहेतली होडी मिळून ती बरेचदा करावी लागते. नावाडी हात देतात, पण पाय उचलता आला पाहिजे. लहान मुलांना नेता येतं. त्यांच्या मापाचं जॅकेट आहे का हे धक्क्यावर बघून घ्या आणि नसेल तर मागा. पाठीचं गंभीर दुखणं असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी गुहेपेक्षा समुद्रातल्या आदळण्याचा विचार करून ठरवावं.

परतल्यावर जेवण

टूरचं जेवण साबांगच्या किनाऱ्यावर असतं: भात, मासे, कोंबडी, डुकराचं मांस, भाज्या, फळं. शाकाहारी लोकांनी आरक्षण करतानाच सांगावं आणि जेवणाच्या जागी पुन्हा सांगावं. पिनाकबेत ही वांगी, भेंडी, कारलं, भोपळा घातलेली भाजी दिसायला पूर्ण शाकाहारी असते, पण तिच्यात बागोओंग ही आंबवलेल्या मासळीची किंवा जवळ्याची चटणी जवळजवळ नेहमी असते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही; ‘मासे नको, बागोओंग नको’ असं म्हणावं लागतं. तरीही शंका वाटली तर भात, अंडं आणि आंबा.

होड्या बंद झाल्या तर

सकाळी धक्क्यावर गेल्यावर हे कळू शकतं. तिथेच हुज्जत घालण्यापेक्षा दोन कामं लगेच करावीत. टूरवाल्याला फोन करून तारीख बदलून घ्या आणि त्याचा संदेश लेखी मागा. परवाना स्वतः काढला असेल तर तो पुढच्या तारखेचा करून मिळेल का ते त्याच दिवशी खिडकीवर विचारा. बंदी एक दिवसात उठेल की आठवडाभर चालेल याचा अंदाज तटरक्षकांच्या सूचनेवरून आणि गावातल्या नावाड्यांकडून मिळतो. नावाड्यांचा अंदाज बहुधा जास्त उपयोगी. साबांगहून गुहेपर्यंत डोंगरातून सुमारे पाच किलोमीटरची पायवाटही आहे. ती उघडी असेल तरच आणि वाटाड्या घेऊनच जायचं. ओल्या चुनखडकावर पाय घसरतो.

हातात रिकामा दिवस आला तर साबांगलाच कांदळवनातली वल्ह्याची फेरी करा. नदीचं तोंड आडोशाला असल्याने समुद्र बिघडला तरी ती बरेचदा चालू असते. गावातलेच वाटाडे नेतात, फांद्यांवर वेटोळं घालून बसलेले साप दाखवतात, आणि कुजक्या कांदळाच्या लाकडातून तामिलोक काढून देऊ करतात. नाव किड्याचं वाटलं तरी तो शिंपल्यांच्या कुळातला लांबुळका जीव आहे. तिथे तो कच्चा, व्हिनेगरमध्ये बुडवून खातात. नको असेल तर हसून ‘सलामत, कुया’ म्हणजे ‘धन्यवाद, दादा’ म्हणायचं. एल निडोला पुढे जायचं असेल तर साबांगहून व्हॅनची जागा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. होड्या बंद पडल्या की सगळ्यांनाच त्याच सकाळी निघायचं असतं.